मॅडम दिवाणावर बसल्या आहेत

"तिला नीट सांगता येत नाही, मीच सांगते," मॅडम फोनमधल्या ताईंना म्हणाल्या.

मी शेजारीच होते. सोफ्यावर नाही, प्लास्टिकच्या स्टुलावर. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केलेला. पडद्यावर पुण्याच्या समुपदेशक ताई. त्या मला विचारत होत्या आणि उत्तरं मॅडम देत होत्या.

"घरची आठवण येते तिला. चंद्रपूरकडची आहे ना. सातवीच शिकलेली. लहान पोरीसारखं करते. मधेच रडते, हातातलं भांडं पाडते."

मी सव्वीस वर्षांची आहे. मान खाली घालून ऐकत राहिले.

वाशिमला मी मॅडमच्या सासूबाईंना सांभाळायला आले. मॅडम आणि सर दोघंही शिक्षक. सर पहाटेच्या गाडीने जातात, मॅडम दहाला. आजींना आता काही आठवत नाही. एकदा त्या एकट्याच निघाल्या आणि थेट बसस्टँडवर सापडल्या. तेव्हापासून मॅडम जाताना बाहेरच्या ग्रिलला कुलूप लावतात. आत आजी आणि मी. चावी त्यांच्या पर्समध्ये. पाचला परत येईपर्यंत असंच.

सुरुवातीला मला त्याचं काही वाटलं नाही. मोठ्या लोकांच्या घरी असंच असेल असं समजले. मग एका दुपारी गॅसचा वास यायला लागला. शेगडी बंद केली, सिलेंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, तरी वास हटेना. आजी पलंगावर. मी ग्रिल धरून हाका मारल्या. गल्लीत कोणी नव्हतं. मॅडमना फोन लावला, त्या वर्गावर होत्या. वास आपोआप गेला. पण त्या दिवसापासून कुलूप लागल्याचा आवाज आला की माझी छाती गच्च होते, हात कापतात, श्वास पुरत नाही.

मॅडमनी मला डॉक्टरकडे नेलं. रिपोर्ट चांगले आले. मग त्यांच्या शाळेतल्या शिक्षकांच्या कुटुंबांसाठी फोनवर समुपदेशनाची सोय होती, त्यात त्यांनी माझं नाव टाकलं. नात्याच्या रकान्यात लिहिलं, घरची व्यक्ती. घरच्यांच्या चपला पुढच्या दारात असतात. माझी मागच्या अंगणात. तरी खरं सांगते, ते वाचून मला भरून आलं होतं. माझ्यासाठी एवढं कोणी केलं नव्हतं.

ताई म्हणाल्या, "मला त्यांच्याशी एकट्यांशी बोलायचंय."

"हो हो, बोला ना," म्हणत मॅडम उठल्या. आणि समोरच्या दिवाणावर जाऊन बसल्या. फोनला दिसणार नाही अशा. ओठांवर बोट ठेवलं.

"आता एकट्याच आहात ना?" ताईंनी विचारलं.

मॅडमनी मान हलवून मला खूण केली.

"हो," मी म्हटलं.

त्यानंतर मी जे बोलले ते सगळं मॅडमच्या चेहऱ्याकडे बघून. घरची आठवण येते. आई एकटी आहे. बाकी काही नाही. ताईंनी चार मोजत श्वास घ्यायला, सहा मोजत सोडायला शिकवलं. मी घेतला. मॅडम हसल्या, शाबासकी दिल्यासारख्या.

आतून आजींनी आवाज दिला, "अवं पोरी, ते फोनवरची बाई भांडे घासाले येते का?"

आठवडाभर मी मोजून श्वास घेतला. दहा वाजता कुलूप लागायचं आणि आकडे विसरायचे. मला वाटायला लागलं, हे फोनवरचं काम आपल्यासाठी नाहीच. शिकलेल्यांचं आहे. स्वयंपाकघरात मॅडम म्हणाल्या, "काहून फरक पडून नाही राह्यला तुले? मन लावून कर ना. फुकट मिळते म्हणून किंमत नाही."

तेव्हा भांडी घासता घासता एकच गोष्ट डोक्यात आली. मी ताईंना खरं काही सांगितलंच नाही. मग त्या इलाज कशावर करतील?

दुसऱ्या शनिवारी तेच स्टूल, तीच बाटली. मॅडम आधीच दिवाणावर.

"एकट्या आहात ना?"

या वेळी मी मॅडमकडे बघितलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "मॅडम समोर बसल्या हायेत. मागच्या बारीले बी होत्या. मले घरची आठवण येत नाही, ताई. मले बाहेरून कुलूप लावून ठेवतात. म्हणून माझा श्वास कोंडते."

ताई काही बोलल्या नाहीत. पडदा गोठला की त्या ऐकत होत्या, मला कळेना. तेवढ्या वेळात मी मेले असते. मग त्यांचा आवाज आला, "हे सांगितलंत, बरं केलंत. आत्ता पुढे काही विचारत नाही. फोन स्वतःचा असेल, जागा अशी असेल की कोणी ऐकत नाही, तर फोनवर बोलू. नसेल तर समोर बसून बोललेलं बरं. तुमच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशनाची चौकशी करा. काय जमेल ते तुम्ही ठरवा."

मॅडमनी फोन उचलून बंद केला.

"तुले आमी घरच्यासारखं ठेवलं. आन तू आमाले जेलवाले ठरवलं?"

"तुमचे उपकार हायेत, मॅडम. पण दुखणं माझं हाय."

सोमवारी दहाला त्या कुलूप घेऊन आल्या. मी ग्रिलच्या बाहेर उभी होते.

"आत हो. उशीर होऊन राह्यला मले."

"एक चावी माझ्याजवळ द्या. आजीले मी बाहेर जाऊ देत नाही. पण चावी नसली तर मी आत जात नाही."

मॅडमनी घड्याळ बघितलं, रस्त्याकडे बघितलं, मग पर्समधली दुसरी चावी काढून माझ्या हातात टाकली. "महिनाअखेरपर्यंत. मग दुसरी बाई बघतो."

त्या दिवशी आजी झोपल्यावर मी विचार केला. फोन वाईट नाही. गावातलं कोणी बघत नाही, दवाखान्याच्या बाकावर बसावं लागत नाही. ज्याला स्वतःची खोली आहे त्याच्यासाठी तो चांगलाच. पण या घरातली एकही खोली माझी नाही. आणि समोरचा गप्प झाला की मला त्याचं तोंड दिसायला पाहिजे, गोठलेला पडदा नाही.

उद्या माझी अर्ध्या दिवसाची सुट्टी. मी सरकारी दवाखान्यात जाणार आहे. मॅडम म्हणाल्या, "मी येतो संग." मी नाही म्हटलं. तिथे मी माझ्या बोलीत बोलेन. सांगितलेलं कागदावर लिहून घेतलं, तर वाचून दाखवा म्हणेन. एक शब्द जरी माझा नसला, तरी खोडायला लावेन.