आईची कप्पी

आमच्या पोलादपूरच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले की बाकीच्या बाया सासूचे किस्से सांगतात. मला सासू नाही, त्यामुळे मी आईचे सांगते. आधी वाटायचं, दोन-चार सांगून संपतील. पण दर शनिवारी मी महाडला माहेरी जाते आणि सोमवारी नवा किस्सा घेऊन परत येते. मे महिन्यात लोक पापड-कुरडया करतात, आमची आई भिंतीला भोकं पाडते.

मैत्रिणी पोट धरून हसतात. मीही हसते. डबा मात्र बरेचदा तसाच घरी जातो.

*

आई प्राथमिक शिक्षिका होती. तिच्या निरोप समारंभाआधी सहकाऱ्यांनी विचारलं, "बाई, पैठणी घेऊ की चांदीचं ताट?"

आई म्हणाली, "ड्रिल मशीन."

त्यांना वाटलं, बाई थट्टा करताहेत. बाईंनी चाळीस पोरांच्या वर्गातसुद्धा कधी थट्टा केलेली नव्हती. शेवटी व्यासपीठावर शाल, श्रीफळ आणि ड्रिल मशीन असा सत्कार झाला. मशीनला कोणीतरी हळदकुंकूही लावलं. भाषणात मुख्याध्यापक म्हणाले, "बाई आता आराम करतील." आई खाली बसून खोक्यावरच्या सूचना वाचत होती.

*

महाडात पूर येऊन गेला की लोक घरातले स्विचबोर्ड वर घेतात. पाणी कुठवर आलं होतं त्याची भिंतीवर रेघ असते, तिच्यावर हातभर बोर्ड. आमच्या गल्लीत सगळ्यांचे तसे आहेत. आईने वायरमनकडून काम करून घेतलं, पण जागा स्वतः ठरवली. छताच्या खाली वीतभर.

वायरमन म्हणाला, "बाई, तिथपर्यंत पाणी आलं तर आख्खं महाड बुडेल."

"बुडू दे. माझे बोर्ड कोरडे राहतील."

आता पंखा लावायचा तर बांबूच्या काठीने बटण दाबावं लागतं. काठीच्या टोकाला रबरी बूच आहे. एकदा उमरठहून मामा आला. आई बाजारात गेली होती आणि काठी कुठे आहे ते त्याला माहीत नव्हतं. ती परत आली तेव्हा मामा अंधारात घाम पुसत बसला होता.

"अगो ताई," तो म्हणाला, "आमच्या उमरठला लाईट नसते म्हणून अंधार असतो. तुझ्याकडे लाईट हाय तरी अंधारच!"

*

हे सगळं कशासाठी चाललंय ते सांगायला हवं. हा किस्सा मी शाळेत सांगत नाही.

माझ्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं. डावा हात तेवढा चालतो. घर नदीकडच्या खालच्या गल्लीत, तळमजल्यावर. वर लाकडी माळा आहे, तिथे जायला उभी शिडी. मागच्या पुरात पाणी घरात शिरलं तेव्हा बाबा खाटेवर होते. आईने हाका मारल्या. गल्लीतली चार पोरं छातीभर पाण्यातून आली आणि त्यांनी बाबांना खांद्यावर घेऊन माळ्यावर चढवलं. देवासारखी आली, यात शंका नाही.

चढवताना बाबांचं धोतर सुटलं. लघवीही झाली. पोरांनी बघून न बघितल्यासारखं केलं. सगळे आईचेच विद्यार्थी. माळ्यावर पोचल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून रडले. बँकेत होते तेव्हा शर्टाची इस्त्री जरा मोडली तरी बदलून जाणारा माणूस तो.

पाणी उतरल्यावर आई चिखल काढता काढता एवढंच म्हणाली, "पुन्हा कोणाला हाक मारायची नाही. मी चढवीन ह्यांना."

तेव्हापासून ती थांबलेली नाही.

*

पहिल्यांदा ती पोहायला शिकली. वयाची साठी उलटल्यावर, मामाच्या विहिरीत, पंजाबी ड्रेस घालून, पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून. काठावर अर्धी वाडी जमली होती. आई कठडा काही सोडेना.

मामा पाण्यातून ओरडला, "अगो, पाण्याला काय भितेस? आख्खा तालुका तुला भितो!"

उन्हाळाभर ती दर रविवारी जात होती. शेवटी मी विचारलं, "जमलं का?"

"बुडत नाही," ती म्हणाली. "पण पुढेही जात नाही."

मला हसू आलं. मग एसटीत बसल्यावर लक्षात आलं की आमच्या सगळ्या घराचंच असं झालंय, आणि खिडकीकडे तोंड करून पोलादपूरपर्यंत रडत आले.

*

मग कप्पी आली. विहिरीला लावतात तसल्या दोन लोखंडी कप्प्या आणि नवी जाड दोरी. माळ्याच्या वरच्या तुळईला कप्प्या अडकवल्या. एका जुन्या लोखंडी खुर्चीला भंगारातल्या गाडीचा पट्टा लावला. खुर्चीत माणूस बसवायचा, पट्टा लावायचा, खालून दोरी ओढायची, खुर्ची वर. दोरीचं टोक बांधायला आईने भिंतीत स्वतः भोक पाडून हूक बसवला.

पहिला सराव तांदळाच्या पोत्यावर झाला. आई खाली, मी माळ्यावर. तिने ओढायचं, पोतं माळ्याच्या काठाला आलं की मी ते आत घ्यायचं. पोतं झकास वर आलं. आईने दोरी हुकाला बांधली, हात झटकले आणि म्हणाली, "बघितलंस?"

तेवढ्यात हूक भिंतीतून उपटून आला. पुरात भिजलेली भिंत ती, आतून भुगा झालेली. पोतं धाडकन खाली आलं आणि घरभर तांदूळ झाला.

बाबा खाटेवरून बघत होते. आई बराच वेळ त्या तांदळाकडे बघत उभी राहिली.

"बरं झालं," ती म्हणाली, "तांदूळ होता."

त्या दिवसापासून तिने भिंतीवरचा विश्वास काढून घेतला. दोरीचे वेढे खिडकीच्या गजाला द्यायचे आणि टोक स्वतःच्या कमरेला बांधायचं, असा नवा नियम झाला. गज सुटला तरी मी आहे, म्हणाली.

*

बाबांना व्यायाम द्यायला एक मुलगी यायची, फिजिओथेरपिस्ट. एकदा तिने बघितलं तर आई दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन दारातून परसात आणि परसातून दारात फेऱ्या मारतेय.

"काकू, पेशंट कोण आहे नक्की?"

"ते बसणार आहेत," आई म्हणाली. "ओढणार मी आहे."

त्या मुलीने तिचा खांदा दाबून बघितला. आई कळवळली. मुलीने मला बाहेर बोलावून सांगितलं, आईंना वजन उचलायला देऊ नका. मी आईला सांगितलं. आईने पुढच्या आठवड्यात मोठे कॅन आणले.

*

पोलादपूरला या म्हणून माझं पाया पडून झालं. आमच्याकडे दोन खोल्या मोकळ्या आहेत, घर उंचावर आहे, नवऱ्याचीही हरकत नाही. पण विषय निघाला की बाबा डावा हात हलवतात. नाही. दुसऱ्याच्या घरी, जावयाच्या बाथरूममध्ये, जावयाच्या मदतीने, नाही. आणि ते नाही म्हणाले की आईचंही नाही.

"निदान गल्लीतल्या पोरांना सांगून ठेव," मी म्हटलं.

"ह्यांच्यासमोर बोलू नकोस ते."

मला तिचा राग येतो. सावित्रीचं पाणी आधी आमच्या पोलादपूरवरून जातं आणि मग महाडला पोचतं. म्हणजे मला आधी दिसतं. पुलावर उभं राहून ते तांबडं पाणी आपल्या आईबापांकडे चाललेलं बघायचं आणि फोन करायचा, एवढंच माझ्या हातात. पाऊस असला की मला झोप नाही. असं किती वर्षं काढायचं, ते कोणी सांगत नाही.

*

एक किस्सा मात्र चांगला आहे. जूनच्या सुरुवातीला बाबांना पहिल्यांदा खुर्चीत बसवलं. आई खाली, मी माळ्यावर. शेजारच्या काकू देवाचं नाव घेत दारात उभ्या. आईने ओढायला सुरुवात केली. बाबा बारीक झालेत, तरी तिच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. खुर्ची वर यायला लागली आणि अधांतरी असताना बाबा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले.

काठाला आल्यावर मी खुर्ची आत ओढली. वर बाबांनी डाव्या हाताने शर्ट नीट केला.

"अजून एकदा करू," आई खालून म्हणाली. आम्ही त्या महिन्यात दर शनिवारी केलं. तिसऱ्या शनिवारी ती म्हणाली, "आता येऊ दे पूर."

*

आला. आठवड्याच्या मधल्या वारी. पोलादपूरला पहाटेपासून पाऊस ओतत होता. मी निघाले तर हायवेवर पाणी आलेलं, गाड्या उभ्या. फोन लावला तेव्हा मागे नगरपालिकेचा पुराचा भोंगा ऐकू येत होता.

"आई, बाबा?"

"वर आहेत."

माझा जीव भांड्यात पडला. "आणि तू?"

"ठीक आहे. हात अडकलेत माझे, ठेव फोन."

पुरात हात अडकलेलेच असतात. डबे वर ठेवायचे, गाद्या वर टाकायच्या. मी ठेवला. नंतर तिचा फोन लागलाच नाही.

दिवसभर रस्त्यावर काढून संध्याकाळी महाडात पोचले. पाणी उतरायला लागलं होतं, गल्लीत मांडीभर होतं. तोंडाशीच मागच्या वेळच्या चारांपैकी एक भेटला.

"ताई, काळजी करू नको," तो म्हणाला. "आम्ही दुपारी हाक मारली व्हती. बाईंनी आतूनच सांगितलं, वर हायत म्हणून."

दार उघडंच होतं. भिंतीवर ओली रेघ आईच्या छातीच्या उंचीला होती. बोर्ड कोरडे होते. बाबा वर होते. माळ्याच्या काठाशी, हातभर बाहेर, खुर्चीत लटकलेले. पट्टा लावलेला, डाव्या हाताने माळ्याची फळी घट्ट धरलेली. शर्टाला इस्त्री होती. पाय कोरडे होते.

खाली, खिडकीपाशी, पाण्यात आई उभी होती. दोरीचे वेढे गजाला, टोक कमरेला, दोन्ही हात दोरीवर. हातांचं कातडं निघालेलं. शिडी चार पावलांवर होती.

"आई," मी म्हटलं, "अगं, हाक मारायची ना कोणाला तरी."

तिने बाबांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"सरावाला वर तू असायचीस," ती म्हणाली. "माझ्या लक्षातच आलं नाही."



"चढ आता," ती म्हणाली. "घे त्यांना आत. सकाळचा चहा राहिलाय त्यांचा."