पाहिल्याची तारीख

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. ज्यांच्याबरोबर पंधरा वर्षं स्टाफरूममध्ये डबा खाल्ला, त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

मी शिरूरला एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचो. मूळचा निमोण्याचा. आमच्या घरात कॉलेजात शिकवणारा मी पहिलाच, आणि मला नावापुढं डॉक्टर लावायचं होतं. फार लावायचं होतं. पीएच.डी.ला विषय घेतला सणसवाडीच्या भाड्याच्या खोल्यांचा. कारखान्यांत कामाला बाहेरून आलेली माणसं कशी राहतात, एवढंच. पण त्यासाठी खोल्यांमध्ये जाऊन बसावं लागतं. मी गेलो. चार-पाच वेळा. माणसं शिफ्ट करून येऊन झोपलेली असायची, मी वही घेऊन दारात उभा. कोणी बोललंच तर हिंदीत, दोन वाक्यं, आणि तीही मला बरं वाटावं म्हणून.

मग मला इकबालचा ब्लॉग सापडला.

इकबाल दौंडचा. वडिलांचं तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान. तो स्वतः सणसवाडीला एका कारखान्यात टाइमकीपर होता आणि दोन परप्रांतीय सोबत्यांबरोबर एका खोलीत राहायचा. बी.ए. झालेला. गुरुवारची सुट्टी असली की सायबर कॅफेत बसून एकेका बोटानं मराठी टाइप करायचा. दोन हजार सातच्या सुमाराची गोष्ट. तेव्हा मराठीत ब्लॉग लिहिणारे थोडे, आणि कारखान्यातून लिहिणारा तर मला तो एकच माहीत. एकूण एक्केचाळीस लेख. पाण्याच्या टाकीपाशी लागणारी रांग, पाहुणा आला की घरमालकिणीच्या कपाळाला पडणारी आठी, गावाकडच्या फोनची वाट बघणारा सोबती. एक लेख होता तीन शिफ्टच्या तीन माणसांत मिळून असलेल्या एकाच गादीवर. ‘आमच्या खोलीतली गादी कधी गार होत नाही,’ असं त्यानं लिहिलं होतं.

मी मेल केला, भेटायला बोलावलं. तो हरखून आला.

“सर, माझं लिखाण कुनी वाचतंय हेच मला म्हाईत नव्हतं.”

मी म्हणालो, माझ्या प्रबंधात तुमचं नाव येईल. जिथं तुमचं वाक्य, तिथं तुमचं नाव. आणि खरं सांगतो, तेव्हा माझ्या मनात तसंच होतं.

केलंही तसंच. पुण्यात एका कार्यशाळेत मी संदर्भ लावायचं सॉफ्टवेअर शिकून आलो होतो. त्यात ब्लॉगची नोंद नीट करायची तर लेखकाचं नाव लागतं, लेखाचं शीर्षक, ब्लॉगचं नाव, लिहिल्याची तारीख, पत्ता, आणि शेवटी आपण ते पान पाहिल्याची तारीख. ही शेवटची तारीख लोक गाळतात. मी कधी गाळली नाही. इंटरनेटवरचं पान उद्या बदलेल, पुसलं जाईल. अमुक दिवशी ते तिथं होतं आणि मी पाहिलं, याची ती साक्ष. नोंदीबरोबर ते पानही त्यात जसंच्या तसं साठवून राहायचं. पुढं शिरूरच्या, दौंडच्या कॉलेजांत मला हे शिकवायला मुद्दाम बोलवायचे. मी उत्तम शिकवायचो — काय बोलणार आता.

प्रबंधाचा कच्चा खर्डा गाइडनी पाहिला. “हा शेख इकबाल कोण? टाइमकीपर? पानापानावर ब्लॉग कसला लावलाय? बाहेरचे परीक्षक हसतील. मुलाखती घ्या.”

मुलाखती घ्या, एवढंच ते म्हणाले. यात त्यांचं काही चुकलं नाही. मी सणसवाडीला जाऊन इकबालसमोर, त्याच्या सोबत्यांसमोर बसू शकलो असतो. दोन-तीन महिन्यांचं काम होतं. मी ते एका दुपारी उरकलं, खुर्चीतून न उठता. मूळ नोंदींची एक प्रत बाजूला काढून ठेवली. का ठेवली? भीतीनं असेल, सवयीनं असेल. मग प्रबंधाला जोडलेल्या नोंदींत ‘ब्लॉग’च्या जागी ‘मुलाखत’ केलं. लेखकाचं नाव पुसून ‘कामगार क्रमांक एक’, ‘कामगार क्रमांक दोन’ असं लिहिलं. नोंदीत बदल केला की सगळ्या प्रबंधातल्या तळटीपा आपोआप बदलतात, ते सॉफ्टवेअर असतंच त्यासाठी. मी बघत होतो. शेख इकबाल एकेका पानावरून नाहीसा होत गेला. जी वाक्यं फारच आवडली होती त्यांची अवतरणचिन्हंही काढली. ती माझी झाली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा चढवून गादीचं वाक्य मोठ्यानं वाचलं. म्हणाले, “हे निरीक्षण तुमचं?”

“हो सर.”

गाइडही खूश झाले. निमोण्यात सत्कार झाला. इकबालनं फोन करून अभिनंदन केलं, प्रबंध वाचायला मागितला. देतो म्हणालो. नाही दिला.

इथंच थांबलं असतं तर ती एक चोरी होती. थांबलं नाही.

इकबाल एम.ए.ला आला, तोही आमच्याच कॉलेजात, माझ्याच सांगण्यावरून. त्याला मास्तर व्हायचं होतं. शेवटच्या वर्षी लघुप्रबंध लिहावा लागतो. त्यानं सणसवाडीच्या खोल्यांवरच लिहिला, आपलंच जुनं लिखाण घेऊन. त्याच्या मार्गदर्शक मॅडमनी लायब्ररीतून माझा प्रबंध काढला, आणि पानंच्या पानं जुळली. मॅडमनी, विभागप्रमुखांनी आणि मी, तिघांनी बसून त्याला बोलावलं. माझा प्रबंध त्यानं त्या टेबलावर पहिल्यांदा पाहिला. उघडलेली पानं वाचली. मग ब्लॉगचे छापून आणलेले कागद पुढं सरकवले.

“हे माझं हाय. तारखा बघा की. सरांच्या आधीच्या हायत.” आणि माझ्याकडं बघून म्हणाला, “सरांना विचारा.”

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. त्याला वाटत होतं मी आता सांगेन.

विभागप्रमुख माझ्याकडं वळले. “सर, ह्यातले जाणकार तुम्हीच. ब्लॉगवरच्या तारखेवर भरवसा ठेवता येतो का?”

मी म्हणालो, “नाही. लिहिणारा मागची तारीख टाकू शकतो. म्हणून तर आपण पाहिल्याची तारीख लिहितो.”

शब्द न् शब्द खरा होता. आणि ती पाहिल्याची तारीख माझ्याच कंप्युटरात होती, एक्केचाळीस नोंदींत, प्रत्येकीपुढं त्याचं नाव. मागच्याच खोलीत. उठून दाखवायला दोन मिनिटं लागली असती. मी उठलो नाही.

उलट वर काय केलं ऐका. मी त्याला माफ केलं. “पोटासाठी नोकरी करून शिकतोय, चुकून झालं असेल. फार ताणू नका. पुढच्या वर्षी दुसरा विषय देऊ.” मॅडम म्हणाल्या, सरांचं मन मोठं. इकबालनं कागद गोळा केले, कडा जुळवून पिशवीत ठेवले, आणि गेला. पुढच्या वर्षी आला नाही. मी ब्लॉग उघडून पाहिला. पान सापडत नाही, असं आलं.

पुढं काही वर्षांनी खुटबावला एका लग्नाला गेलो होतो. परतताना दौंडला उतरलो. मनाशी ठरवून — सांगायचं, पाय धरायचे. वडिलांच्या दुकानात तोच बसला होता, चाकाच्या तारा आवळत. मला पाहून उठला, हात पुसले.

“बसा सर.” चहा मागवला. घरच्यांची विचारपूस केली. मग खाली बघत म्हणाला, “एक इचारू? रागाच्या भरात म्या सगळं पुसलं तवा. छापलेले कागदबी जाळले. आता पोरगी मोठी झालीय, म्हंती अब्बा, तुम्ही काय लिव्हायचात? तुमच्या त्या सॉफ्टवेअरमधी पान जसंच्या तसं साठवून राहतं, असं तुम्हीच मला दाखवलं व्हतं. असंल का कुठं?”

त्यानं माझ्याकडं बाकी काही मागितलं नाही. खुलासा नाही, माफी नाही.

आता कशाला भीती होती मला? नोकरी पक्की, नाव झालेलं. पण ती पानं दिली की त्यांच्यावरच्या तारखाही दिल्या, हे मला चहाचा घोट घेता घेता कळलं.

मी म्हणालो, “तो कंप्युटर बिघडला. सगळं गेलं.”

“बरं,” तो म्हणाला. “न्हाई तर न्हाई.” आणि चहाचे पेले उचलून विसळायला घेतले.

काही गेलेलं नाही. एक्केचाळीसही पानं माझ्याकडं आहेत. मी दौंडला परत गेलो नाही.