चष्मेवाल्याची बाबागाडी

चाचणीची ती जड, गोल फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवायची, तिच्यात एक भिंग सरकवायचं, काढायचं, दुसरं सरकवायचं आणि विचारायचं, “हे बरं, की हे?” चष्मेवाल्याचा सगळा धंदा या एका प्रश्नावर चालायचा. एखादं घाईतलं गिऱ्हाईक म्हणायचं, “दोन्ही सारखीच आहेत हो.” ते याला चालायचं नाही. “सारखं कधीच नसतं. डोळे मिटा, उघडा, आता सांगा.” बिचारं गिऱ्हाईक पुन्हा भिंतीवरच्या अक्षरांकडे डोळे ताणून बघायचं. बाकावर थांबलेली माणसं जांभया द्यायची. पण याच्याकडून चष्मा नेलेला माणूस डोकं दुखतंय म्हणून परत आला, असं सहसा झालं नाही.

जगाला निवडायला लावणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र काही म्हणता काही निवडता येत नसे. झोपायच्या खोलीच्या भिंतीवर बायकोने दोन रंगांचे दोन पट्टे मारून ठेवले होते, यातला कुठला ते सांग म्हणून. तो ठरवेपर्यंत दोन्ही विटून एकसारखे झाले.

लग्नात त्याची यातून सुटका झाली, कारण निवड तिने केली. ती शाळेत खेळाची शिक्षिका. पहाटे उठून धावायचं वेड. धावताना नाकावरून घसरणार नाही असा चष्मा हवा म्हणून ती त्याच्या दुकानात आली होती. त्याने काड्या वाकवल्या, कानामागे रबर बसवलं आणि नेहमीच्या चिकाटीने म्हणाला, “आता पळून दाखवा.” ती खरंच दुकानाबाहेर पडली, कोपऱ्यापर्यंत धावत गेली आणि धावत परत आली. चष्मा हलला नव्हता. याचं चष्म्याकडे लक्षही नव्हतं.

त्यांची मुलगी आता आधाराशिवाय ताठ बसायला लागली होती. नाक बटणाएवढं, म्हणून घरात तिचं नाव बटण. ती जन्मली तेव्हा दवाखान्यात, बायकोचा हात हातात घेऊन, हा भरात बोलून गेला होता, “तुझं धावणं बंद पडणार नाही. बाळाला पुढे घालून धावता येतं अशी बाबागाडी मिळते. मी आणीन.”

आणि इथंच घोडं पेंड खात होतं.

तीन मोठ्या हवा भरलेल्या चाकांची ती धावायची बाबागाडी तो किती तरी रविवार शोधत होता. बाळाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, मान धरतेय, पाठ धरतेय, आता हळूहळू सुरू करा. बायकोची सुट्टीही संपत आली होती. शाळा सुरू झाली की दिवसभर बटण आजीजवळ, संध्याकाळी सरावाचा आणि सामन्यांचा गोंधळ. लेकीबरोबर निवांत मिळेल ती फक्त सकाळ, आणि तीही धावता धावता. म्हणून ती रोज विचारायची, “काय झालं गाडीचं?”

“एकीच्या स्प्रिंगा कडक आहेत. तिला गचके बसतील.”

“आणि दुसरीच्या?”

“फारच मऊ. होडीसारखी डुलते.”

“तिसरी?”

“तिला हातातला ब्रेक नाही, नुसता पायाने लावायचा. उतारावर काय करशील? आणि गाडी निसटू नये म्हणून मनगटाला अडकवायचा पट्टा बघितलास? एवढासा!”

बोलणं सगळं खरं होतं. पण खरं कारण वेगळंच होतं, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं. सध्या पहाटे बायको एकटी धावायला जायची आणि ती परत येईपर्यंत बटण त्याची असायची. दोघं स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसायची. तो एका हातात चमचा धरायचा, दुसऱ्या हातात गाळणी, आणि गंभीरपणे विचारायचा, “हे बरं, की हे?” बटण दोन्हींकडे बघायची, विचार केल्यासारखं करायची आणि झडप घालून त्याचा चष्मा ओढायची. रोज. तरी रोज दोघं हसायची. दिवसभर तो दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघायचा, रात्री घरी येईपर्यंत लेकीचे मिटलेले असायचे. म्हणजे त्याच्या वाटणीचीही हीच एक सकाळ होती. गाडी आली की ती सकाळ तीन चाकांवरून निघून जाणार होती.

हे सांगायचं कसं? आणीन असं तोच म्हणाला होता. बायको आनंदाने फुलून गेली होती. आता “बाळ माझ्याकडेच राहू दे” म्हणायचं म्हणजे तिच्या पायात पाय घालण्यासारखं. बरोबर धावावं, तर याचं धावणं म्हणजे एकदा तो बस पकडायला धावला होता, तेव्हा ड्रायव्हरला दया येऊन त्याने बस थांबवली होती. मग राहिलं काय? स्प्रिंगांचा कीस पाडणं.

बाळांच्या वस्तूंच्या दुकानातल्या विक्रेत्या बाई त्याच्या जुन्या गिऱ्हाईक होत्या. नाकावर त्यानेच केलेला चष्मा, साखळीला अडकवलेला. त्यांच्या दुकानात भिंतीवर मोठं पोस्टर होतं: हसत हसत धावणारे आई-बाबा आणि पुढे गाडीत हसणारं मूल. पोस्टरमधल्या बाबांना पोट नव्हतं. चष्मेवाला दर वेळी त्या पोस्टरकडे पाठ करून उभा राहायचा.

“साहेब,” बाई एकदा म्हणाल्या, “तुम्ही आमच्या गाड्या इतक्या ढकलल्यात की आता फरशीला चाकोरी पडेल. एक काम करा, ही हिरवी दोन दिवस घरी न्या. पटली तर ठेवा.”

हिरवी घरी आली. त्याने आधी टेप घेऊन लिफ्टचं दार मोजलं. गाडी आत जाईल असं निघालं, तेव्हा तो जरा हिरमुसला.

बटण झोपली होती, म्हणून आजीने, म्हणजे त्याच्या आईने, रिकामी गाडी जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत फिरवून बघायला घेतली. गाडी नाकासमोर सुसाट निघाली आणि वळायच्या जागी न वळता शेजाऱ्यांच्या कुंड्यांवर जाऊन आदळली.

“अगंबाई! हिला तर वळणच नाही!” आजी ओरडली.

“आई, पुढच्या चाकाला पिन लावलीय,” सून हसत धावत आली. “धावताना चाक सरळच ठेवायचं असतं, नाहीतर गाडी उलटते. चालताना पिन काढायची, की वळते.”

“असं होय? म्हणजे धावणाऱ्यांना वळण नसतं ते मुद्दामच.”

“मुद्दामच!”

“मग तुझी पिन कुठं असते तेवढं सांगून ठेव. घरात आलीस की काढत जाईन.”

“ती तुमच्या मुलाकडे दिलीय. पण काढायची की ठेवायची ते त्याचं अजून ठरत नाहीये.”

दोघी हसून हसून भिंतीला टेकल्या. चष्मेवाला खाली बसून कुंडीतली सांडलेली माती गोळा करत होता. तो हसला नाही. “बघितलंत ना? धोक्याची आहे. आजच परत करतो.”

सुनेचं हसू मावळलं. ती आत गेली. आजीने गाडी सरळ केली, मुलाकडे नीट बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, “गाडीत काही खोट नाही रे. कुंडी मी फोडली. तुझ्या पोटात काय आहे ते बोल.”

“काही नाही.”

“लहानपणी शाळेत जायचं नसलं की तुझा एक मोजा हरवायचा. तसं चाललंय हे.”

त्याने मातीचे हात झटकले आणि हिरवी गाडी लिफ्टमध्ये घातली. ती आपली सहज आत गेली.

पुढच्या रविवारी बायको सकाळी धावून आली, आंघोळ करून तयार झाली, बटणला कडेवर घेतलं आणि गळ्यातली शाळेची शिट्टी दारात उभं राहून फुंकली. चष्मेवाल्याच्या हातातला कप हिंदकळला.

“चल. आज मी पण येते. आज गाडी घरी येणार, नाहीतर विषय बंद. परत कधी विचारणार नाही मी.”

शेवटचं वाक्य ती हळूच बोलली, आणि शिट्टीपेक्षा त्याला तेच जास्त लागलं.

दुकानात बाईंनी हिरवी पुन्हा बाहेर काढली. बायकोने स्प्रिंगा दाबून पाहिल्या, हातातला ब्रेक आवळून पाहिला, मनगटाचा पट्टा अडकवला. बटणला आत बसवून खांद्यांचे, कमरेचे, पायांमधला असे सगळे पट्टे लावले. बटण राणीसारखी बसली आणि समोरच्या पोस्टरकडे बघून हात हलवायला लागली.

“उत्तम,” बायको म्हणाली. “हिच्यात काय वाईट आहे?”

चष्मेवाल्याने पोस्टरकडे पाठ केली.

“आता हँडल जुळवून देते,” बाई म्हणाल्या. “ते वर-खाली होतं. धावणार कोण? त्याच्या उंचीला बसवते.”

“मी,” बायको म्हणाली.

कट्‌ कट्‌ करत हँडल खाली आलं. बायकोने दोन पावलं ढकलून पाहिलं आणि बाजूला झाली. “बघ तू.”

त्याने हँडल धरलं. त्याला चांगलंच वाकावं लागलं. वाकल्यामुळे आतली बटण दिसेना, नुसतं छप्पर दिसायला लागलं. तो तसाच थोडा वेळ उभा राहिला, हरवलेलं काहीतरी गाडीखाली शोधत असल्यासारखा.

“जरा... वर होईल?”

कट्‌. बाईंनी हँडल एक घर वर घेतलं.

“अजून?”

कट्‌. आता तो ताठ उभा होता. छपरातल्या जाळीच्या खिडकीतून बटणचा माथा दिसत होता आणि माथ्यावर उभे राहिलेले चार केस.

बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि त्यावरून त्याच्याकडे रोखून बघितलं. कट्‌, खाली. कट्‌, वर. “बोला साहेब. हे बरं, की हे?”

“तसं बघितलं तर दोन्ही...”

“सारखं कधीच नसतं,” बाई म्हणाल्या. “मला तुम्ही असंच दमवलं होतंत. बाहेर रिक्षा थांबवून आले होते मी. डोळे मिटा, उघडा, आता सांगा.”

त्याने खरंच डोळे मिटले आणि उघडले.

“वरचं. वरचं बरं.”

“अरे, पण ही माझी उंची नाही,” बायको म्हणाली.

“माझी आहे.”

“तू धावणार?”

“चालेन. जोरात.”

“तू?” ती हसायच्या बेतात होती, पण त्याच्याकडे बघून ती थांबली. “काय झालंय?”

मग बाबागाड्यांच्या गर्दीत, विक्रेत्या बाईंच्या देखत, तो बोलला. आधी चमच्याबद्दल, मग गाळणीबद्दल. बायकोला काही कळेना. “ती सकाळची माझ्याकडे असते ना,” तो शेवटी म्हणाला, “तेवढीच असते. मग तू घेऊन जाणार. न्यायला माझी ना नाही. पण मग मी घरी बसून काय करू? गाळणी कुणाला दाखवू?”

बाई उगाचच एक स्वच्छ चाक पुसायला लागल्या.

“म्हणजे इतके रविवार तू त्यासाठी स्प्रिंगांना नावं ठेवलीस?” बायकोने विचारलं.

“ब्रेकचं खरं होतं.”

“मला काय वाटलं माहितेय?” ती म्हणाली. “मला वाटलं, मी धावलेलं तुला आता नको झालंय. आई झाली, आता बसेल घरात, असं. पण तू तोंडाने म्हणणार नाहीस, चाकांतून म्हणशील. मी शूज सुद्धा माळ्यावर टाकणार होते.”

“वेडी आहेस का?”

“तू आहेस का? तोंड काय चष्मा लावायला दिलंय?”

“नाक,” तो म्हणाला. “चष्मा नाकाला लावतात.”

बाई फिस्सकन हसल्या आणि तिथून पुढे दोघांनाही भांडण नीट चालवता आलं नाही.

पहिल्या सकाळी आजी खिडकीत उभी होती. “पिन लावलीस का रे?” ती वरून ओरडली. “वळण बघून जा!” त्याने हात वर केला, लगेच घाबरून परत हँडलवर ठेवला. मनगटाचा पट्टा त्याने एवढा घट्ट बांधला होता की बोटं पांढरी पडली होती.

बागेभोवतीच्या रस्त्यावर बायको सुरुवातीला त्याच्या बरोबरीने हळू धावली. मग तिचे पाय तिचं ऐकेनात. “जा गं,” तो धापा टाकत म्हणाला, “फेरी मारून ये. आम्ही आहोत.” ती हरणासारखी पुढे गेली. सकाळभर हे असंच चालणार होतं: ती पुढे जाणार, वळसा घालून मागून येणार, टाळी देणार आणि पुन्हा पुढे जाणार. शेवटच्या फेरीला हँडल खाली ओढून गाडी तिच्या हातात, आणि हा बाकावर.

जोरात चालणं सपाटीला ठीक होतं. पुढे थोडा उतार लागला आणि पाय आपोआप धावायला लागले. गाडीतून बटणचा आवाज आला, चष्मा ओढताना यायचा तोच. ती हसत होती. तो आणखी जोरात धावला. घाम आला, आणि चष्मा नाकावरून घसरत घसरत थेट शेंड्यावर आला. दोन्ही हात हँडलवर, सोडायची छाती नाही. झाडं विरघळली, रस्ता विरघळला, बाक कुठला आणि माणूस कुठला कळेना. शेवटी त्याने ब्रेक आवळला आणि नाक वर करून, आंधळ्यासारखा उभा राहिला.

मागून पावलं आली. कुणीतरी एका बोटाने चष्मा वर ढकलला. समोर बायको होती, कानामागे रबर लावलेला तिचा चष्मा जागच्या जागी.

“सगळ्या गावाला चष्मे लावलेस,” ती म्हणाली, “स्वतःला धावायचा नाही केलास?”

“लागेल असं वाटलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या त्याने आपल्याच चष्म्याच्या काड्या वाकवायला घेतल्या. बाकावर गिऱ्हाइकं येऊन बसली. त्याने कानामागे रबर बसवलं, आरशात डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, मान हलवून बघितली. समाधान होईना. शेवटी त्याने दुकानाचं दार उघडलं, “एक मिनिट, बसा,” असं म्हणाला आणि सगळ्या गिऱ्हाइकांच्या देखत कोपऱ्यापर्यंत धावत गेला आणि धावत परत आला.

चष्मा जागचा हलला नव्हता. बाकी सगळं हललं होतं.