मामूची नजर

वाळवंटातल्या धैद गावच्या आरबाबाकडे मला नोकरी लागली ती मामूमुळे. आरबाब म्हणजे मालक. मामू म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. साठचं दशक नुकतंच लागलं होतं. दुबई, शारजा, अजमान ही तेव्हा वेगवेगळ्या शेखांची गावं होती, त्या सगळ्यांचा मिळून एक देश व्हायला अजून अवकाश होता. आमच्या रत्नागिरीकडची पुष्कळ माणसं तिथे बंदरावर राबायची. मीही तेच करणार असं समजून बोटीत बसलो होतो. पण उतरलो तर मामू जीप घेऊन उभा. त्याने माझी वळकटी मागे टाकली आणि समुद्राकडे पाठ करून मला थेट आत वाळवंटात नेलं.

वाळू, मग खडी, मग पुन्हा वाळू. मला रडू येत होतं, पण मामूसमोर रडायची सोय नव्हती. मग अचानक खजुरांची बाग आली. डोंगराखालून भुयारातून आणलेलं पाणी पाटाने बागेत खेळत होतं. बागेपलीकडे आरबाबाच्याच मालकीचं घाफचं रान होतं. घाफ म्हणजे आपल्या शमीचा जातभाई, काटेरी आणि चिवट, वर्ष वर्ष पाऊस नसला तरी हिरवा. त्या रानात हरणं होती. आपल्या चितळांहून लहान, वाळूच्याच रंगाची, पायांच्या काड्या. बाहेरच्या मैदानात बंदुका आणि मोटारी आल्यापासून हरीण दिसेनासं झालं होतं. इथे ती उरली कारण आरबाबाने रानाभोवती काट्यांचं कुंपण घातलं होतं आणि त्याच्या परवानगीशिवाय तिथे कोणी गोळी झाडत नसे.

परवानगी मिळायची ती गोऱ्या पाहुण्यांना. हिवाळ्यात तेल कंपन्यांचे इंजिनियर यायचे. आरबाबाला त्यांच्याकडून कधी पाण्याचा पंप हवा असे, कधी पंपाचे सुटे भाग, कधी घरच्या आजाऱ्यासाठी डॉक्टर. त्यांना हवी असत शिंगं. मटणाचं त्यांना काही नव्हतं. डोकं कापून, कवटी साफ करून, शिंगांसकट भिंतीवर लावायला न्यायचं. आरबाबाची अट एकच होती. फक्त म्हातारा नर मारायचा, ज्याची शिंगं जाड आणि वळ्यावळ्यांची झाली आहेत असा. त्या जातीत माद्यांनाही शिंगं असतात, पण बारीक, सुयांसारखी. लांबून, झाडाच्या आडोशातून, हा फरक ओळखणं हेच वाटाड्याचं काम, आणि वाटाड्या होता मामू.

गावाकडे मामू नावाजलेला शिकारी होता. भाताच्या खाचरांत डुकरं उतरली की चार गावांतून त्याला बोलावणं यायचं. ठासणीची बंदूक खांद्यावर टाकून निघालेला मामू मी लहानपणी पाहिला होता. आरबाब व्यापाराच्या निमित्ताने मुंबईत राहिलेला, हिंदी चांगलं बोलायचा. तिथेच कोणीतरी त्याच्या कानावर मामूचं नाव घातलं. इथे आल्यावर मामूने बंदूक कधी हातात धरली नाही. तो फक्त पाहुण्याला घेऊन जायचा, दुर्बिणीतून बघायचा आणि हळूच सांगायचा, कुठला मारायचा ते. माझ्याकडे गाडी, स्वयंपाक आणि मारलेल्या जनावराची सोलणी. कातड्याला मीठ चोळायचं, कवटी उकळायची. वासाने पहिल्या वेळी जेवण गेलं नाही, मग सवय झाली.

मामूचं काहीतरी बिघडलंय हे माझ्या लक्षात यायला हवं होतं असं लोक म्हणतात. पण मला त्यात काही दिसलं नाही. तो चहा ओतताना कपाच्या कडेला बोट लावून ओतायचा. मला वाटायचं, सवय असेल. रानात तो मला पुढे चालायला सांगू लागला. मला वाटलं, शिकवतोय. डोळे चोळायचा, तेव्हा म्हणायचा, "काय ही धूळ! इथली माणसं हिला हवा म्हणतात." आणि आम्ही दोघं हसायचो.

त्या हिवाळ्यात एक उंच, सभ्य इंजिनियर आला. बोलण्यात कुठे गुर्मी नाही. मला मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी येत होतं, म्हणून तो वाटेत माझ्याशी बोलत राहिला. त्याच्या बापाची शेती होती, शेताला लागून घरचंच जंगल, आणि त्यात पांढऱ्या शेपटीची मोठी हरणं. फांद्याफांद्यांची शिंगं असतात म्हणे त्यांना. शरद ऋतूत बाहेरची माणसं त्यांच्या रानात शिकारीला यायची. त्याचा बाप त्यांना झाडावरच्या मचाणावर नेऊन बसवायचा आणि कुठला नर मारायचा ते कानात सांगायचा.

मी हे मामूला मराठीत सांगितलं. मामू खूश झाला. "म्हणजे याचा बाप माझ्याच धंद्यातला!" तो म्हणाला. इंजिनियरला ते सांगितल्यावर त्याने मामूच्या खांद्यावर हात ठेवला. 

पहाट उलटून ऊन नुकतं वर येत होतं. आम्ही तिघे एका आडव्या पडलेल्या खोडामागे बसलो. समोर घाफच्या शेंगा खायला तीन-चार हरणं आली. एक मागे, झाडाच्या लोंबत्या फांदीखाली उभं. त्याचं अर्धं अंग पानांत, बाहेर फक्त पाठ आणि शिंगं. मला तिथून नीट ठरवता येत नव्हतं, आणि ठरवणं माझं कामही नव्हतं. मामूने दुर्बीण लावली. खूप वेळ लावून बसला. काढली, काचा सदऱ्याने पुसल्या, पुन्हा लावली.

"नर आहे," तो कुजबुजला. "जुना आहे. मार म्हणावं."

मी इंग्रजीत सांगितलं. बार झाला. बाकीची हरणं क्षणात दिसेनाशी झाली. फांदीखालचं हरीण जागेवरच बसल्यासारखं खाली गेलं.

आम्ही चालत गेलो. मी पुढे होतो, म्हणून मला आधी दिसलं. शिंगं बारीक होती. पोट तट्ट भरलेलं होतं. मी थांबलो. इंजिनियर आला, त्याने बघितलं आणि टोपी काढली. मग मामू आला. तो गुडघ्यांवर बसला, अगदी वाकला, आणि बघण्याऐवजी त्याने एका शिंगावरून बोटं फिरवली, टोकापासून मुळापर्यंत. गुळगुळीत शिंग. दुसरा हात पोटावर गेला आणि तिथेच राहिला.

"या अल्ला," मामू म्हणाला. एवढंच.

इंजिनियर मला थोडा बाजूला घेऊन गेला. मला वाटलं, आता चिडणार, शिंगं वाया गेली म्हणून. पण त्याने विचारलं, "तुझ्या मामाला दिसत नाही. हे तुला ठाऊक होतं?"

मी मान हलवली, नाही म्हणून. त्या क्षणी मला चहाचा कप आठवला, मला पुढे चालायला लावणं आठवलं.

सोलायचं काम माझंच होतं. पोटात पिल्लू होतं. अंगावर केस आलेले, खूर अजून मेणासारखे मऊ. मी हाक मारली नव्हती, पण मामू शेजारी येऊन बसला.

"केवढं आहे?" त्याने विचारलं.

"पूर्ण वाढलंय, मामू. आठवड्याभरात झालं असतं."

"माझा हात ठेव त्याच्यावर."

मी ठेवला. त्याने एका बोटाने त्याचं कपाळ चाचपलं. मग आम्ही त्याच झाडाखाली खड्डा केला. जमीन कडक होती, बराच वेळ लागला. इंजिनियर कोट काढून खणायला आला तेव्हा मामूने त्याला हाताने थांबवलं. इंजिनियरने डोकं नेलं नाही. दुपारी जाताना मामूशी हस्तांदोलन केलं आणि गाडीत बसला.

मी मामूला विचारलं, "तू नर कसा म्हणालास?"

"मला शिंगं जाड दिसली," तो म्हणाला. "हल्ली मला सगळंच जाड दिसतं."

आरबाबाने संध्याकाळी दोघांना बोलावलं. कॉफीची किटली मध्ये होती, पण त्याने कोणाला कॉफी ओतली नाही.

"कब से?" त्याने विचारलं.

"पिछली सर्दियों से," मामू म्हणाला. "पहले एक आँख, फिर दूसरी."

"मुझे बोला क्यों नहीं? मैं तुझे निकाल देता क्या?"

मामूने मान वर केली. "हाँ, आरबाब. निकाल देते."

आरबाबाने किटली उचलली, पहिला पेला स्वतः भरून मामूच्या हातात दिला आणि म्हणाला, "खलास. अब बाग का पानी देखो."

म्हणून मामू पाटावर बसायला लागला. कुठल्या वाफ्याला पाणी सोडायचं, कुठला बांध उघडायचा, हे तो आवाजावरून जमवायचा. पण त्यात त्याचा जीव नव्हता. जेवताना बोलणं बंद झालं. मी म्हणायचो, "मुंबईला जाऊ. मोतीबिंदू काढतात हल्ली." तो म्हणायचा, "गावात काय सांगू? शिकाऱ्याला दिसत नाही?" मी रागावलो, आईची शपथ घातली, तरी तो हलला नाही.

पाहुण्यांना न्यायचं काम आरबाबाच्या पुतण्याकडे गेलं. तो तरुण होता, त्याला वाट बघणं ठाऊक नव्हतं. कुंपणाचा एक भाग मोडून तो जीप सरळ रानात घालायचा, यल्ला यल्ला ओरडत हरणं दमेपर्यंत पळवायचा आणि पाहुणे गाडीतूनच बार काढायचे. नर का मादी हे बघायला वेळ कुणाला होता? मी त्या गाडीच्या मागे बसलेला असायचो, सुऱ्या आणि मिठाचं पोतं घेऊन. पाटावर बसलेल्या मामूला बार ऐकू यायचे. तो बार मोजायचा नाही. पण एकेका बाराला त्याचा चेहरा आत ओढला जायचा, आणि ते मी चुलीपाशी बसून बघायचो.

उन्हाळ्यात एकदा मामू पाटात पडला. पाणी गुडघ्याएवढंच होतं, पण कपाळ दगडावर आपटलं. त्यानंतर तो स्वतःच म्हणाला, "चल, मला घेऊन चल." आरबाबाने आम्हाला दुबईपर्यंत स्वतः सोडलं. धक्क्यावर त्याने मामूला मिठी मारली, नाकाला नाक लावलं, आणि इन्शाल्ला परत ये, म्हणाला. दोघांनाही ठाऊक होतं, तसं होणार नव्हतं.

मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी एक डोळा वाचवला. दुसऱ्याला फार उशीर झाला होता. जाड भिंगाचा चष्मा लावून मामू गावी गेला, मी धैदला परतलो. सुगीला लोक डुकरांची तक्रार घेऊन यायचे, जुन्या सवयीने. तो त्यांना बसवायचा, चहा द्यायला सांगायचा आणि म्हणायचा, "दुसरा कोणी बघा."

दोन वर्षांनी मी सुट्टीवर गेलो तेव्हा तो अंगणात खाटेवर होता. मामी म्हणाली, "आल्यापासून बंदूक खाली काढली नाही." मामूने मला जवळ बसवलं आणि धैदची विचारपूस केली. मी खरं ते सांगितलं. रानात आता हरीण नाही. मागच्या हिवाळ्यात पाहुणे आले आणि रिकाम्या हाताने गेले. आरबाबाने पुतण्याला हाकललं, पण त्याने काय होणार होतं.

मामू ऐकत राहिला. "एकही नाही?" त्याने विचारलं.

"मला तरी दिसलं नाही."

"तुझे डोळे बरे आहेत ना रे?"

"बरे आहेत, मामू."

तो आडवा झाला आणि भिंतीकडे वळला. मामीने मला खुणेने बाहेर बोलावलं.

त्या पावसाळ्यातच तापाचं निमित्त होऊन तो गेला. मी तोवर धैदला परत आलो होतो. निरोप आरबाबाकडे आला, त्यानेच मला बागेत येऊन सांगितलं. त्या दिवशी बागेतलं काम बंद राहिलं. तो आणि मी चटईवर बसलो, त्याने फातेहा पढली. पुढच्या महिन्यात मी त्याची रजा घेतली आणि शारजाला एका गॅरेजमध्ये लागलो. आरबाबाने मला थांबवलं नाही. माझ्याकडे बघून मामूच आठवतो, असं त्याने निघताना सांगितलं, आणि माझी वळकटी स्वतः गाडीत ठेवली.