बापूच्या गोळीला देवीचा कौल

दवाखान्यात माणूस दुखणं घेऊन येतो आणि जाताना किस्सा ठेवून जातो. कोकणातल्या मसुऱ्यात मी कंपाउंडर होतो, तेव्हा औषधाच्या बाटल्या संपायच्या, किस्से कधी नाही!

*

फ्लूची मोठी साथ आली त्या वर्षी शाळेचे गुरुजी अंथरुणाला खिळले. ताप उतरेना आणि मुलीच्या लग्नाची काळजी सुटेना. आमचे डॉक्टर घाटावरचे, तोंडाने फटकळ. म्हणाले, "गुरुजी, सतत काळजी केली की अंगात एक रस वाढतो. तो रोगाशी लढणाऱ्या पेशींना दाबून ठेवतो. काळजी बंद!"

दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले, "बंद केली. पण ती बंद राहील ना, याचीच काळजी लागलीय!"

*

त्याच रसाच्या जातीचं औषध, कॉर्टिझोन, तेव्हा नवीन होतं. मुंबईत नोकरीला असलेला बापू सांधेदुखीसाठी वर्षभर त्याच्या गोळ्या घेत होता. रजेवर आला तो गोल गरगरीत चेहरा घेऊन. त्याची म्हातारी आई खूश! "मुंबयचा पाणी मानावला माझ्या झिलाक!"

"आजी, ते बाळसं नाही, गोळ्यांची सूज आहे," डॉक्टर म्हणाले. आजी आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

*

त्याच रजेत बापूला कांजिण्या आल्या. कांजिण्यांनाही आमच्याकडे देवीच मानत. "देवी घरात इली आसा," म्हणून आजीने रिवाजाप्रमाणे सगळी औषधं बंद केली.

हे कळताच डॉक्टर घाबरून मला घेऊन बापूच्या घरी धावले. त्यांना घाबरलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. "अहो, आयतं जेवण येत राहिलं की घरची चूल विझते. गोळ्यांमुळे बापूच्या अंगात तो रस तयार व्हायचाच थांबलाय. आता आजारात गोळी एकदम तोडली तर माणूस हातचा जाईल!"

आजी बधेना. शेवटी डॉक्टर ओरडले, "मग तुमच्या देवीलाच विचारा!"

आजीने देवघरात कौल लावला. मूर्तीच्या दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही ओटीवर थांबलो.

आजी बाहेर आली. "उजवो दिल्यान. घाला ती गोळी तेच्या तोंडात."

बापूने अंथरुणात बरेच दिवस काढले, पण उठला. आजी नारळ घेऊन दवाखान्यात आली. डॉक्टर खुशीत होते. "बघा, तुमची देवीसुद्धा माझ्याच बाजूची निघाली!"

आजीने नारळ टेबलावर ठेवला. "कौल डावोच पडलो हुतो, डॉक्टरानू. मी तिका सांगलंय, काय राग काढूचो तो माझ्यार काढ. झिलाक हात लावू नको."