वंशावळीतल्या रेघेला नाव देणाऱ्या मैमूनाबाई

मैमूनाबाई सोलकर यांना मी पहिल्यांदा पाहिले ते मालवणात, वर्गातल्या फळ्यासमोर. मिठबावहून अकरावीसाठी मी मालवणला मावशीकडे राहायला आले होते. इंग्रजीचा तास होता आणि बाईंनी फळ्यावर एक वंशावळ काढली होती. वडील, मुलगे, नातू. सगळी नावे परकी. वडिलांच्या नावाशेजारी लग्नाची आडवी रेघ होती, पण रेघेपुढे जागा कोरी होती.

"या तक्त्यात काय राहिले आहे?" बाईंनी विचारले.

माझ्या तोंडून निघून गेले, "पोरांची आवस खंय आसा?"

सगळे हसले. आईला 'आवस' घरी म्हणायचे, इंग्रजीच्या तासाला नाही, एवढे मलाही कळत होते. बाई मात्र हसल्या नाहीत. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मुलगे आहेत म्हणजे आई असणार. लिहिणाऱ्याला तिचे नाव द्यावेसे वाटले नाही. आपल्याला वाटते का, ते बघायचे." तास संपल्यावर त्यांनी मला दारात थांबवले आणि माझ्याच बोलीत म्हणाल्या, "शनवारी घराकडे ये गो. आवशीक सोधूया."

त्या शनिवारी मी गेले आणि अजून जातेच आहे.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी पुष्कळांना बाई ठाऊक आहेत त्या इंग्रजी शिकवणाऱ्या, शिस्तीच्या, तास कधी न बुडवणाऱ्या शिक्षिका म्हणून. त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. फळ्यावरची ती वंशावळ एका परदेशी महाकादंबरीतली होती. शनिवारी बाईंच्या घरी जमणाऱ्या आमच्या वाचक मंडळात तिला नुसते 'पोथी' म्हणतात. तीत 'एल्फ' नावाचा एक कल्पित वंश आहे. माणसांसारखीच, पण वय न होणारी, शस्त्राने वा दुःखानेच काय ती मरणारी जमात. त्यांची घराणी, भाऊबंदकी, वैरे आणि वनवास यांनी त्या पोथीची शेकडो पाने भरली आहेत. त्यांतले एक घराणे समुद्रकाठच्या दुर्गात राहते. घराण्याचा धनी सैन्य घेऊन उत्तरेला जातो आणि परत येत नाही. तो मेला असेही पोथी सांगत नाही. त्याच्या पत्नीबद्दल संपूर्ण पोथीत एकच वाक्य आहे : तो निघाला तेव्हा ती मनोऱ्यावर उभी होती. बस्स. पुढे मुलगे मोठे होतात, लढतात, त्यांच्यावर गाणी रचली जातात. ती मनोऱ्यावरून खाली उतरली की नाही, हेसुद्धा कळत नाही.

जगभर या पोथीचे वेडे आहेत. ते चित्रे काढतात, राहिलेल्या जागी आपल्या कथा लिहितात, एकेका वाक्याच्या अर्थावरून महिनोन्महिने भांडतात. हे आम्हाला पुष्कळ नंतर, इंटरनेट आल्यावर समजले. मालवणच्या बंदराजवळ, बाईंच्या घराच्या पडवीत, हेच सगळे आधीपासून चालू होते. बाई पोथी इंग्रजीतून वाचत आणि लगेच मालवणीत सांगत. मग प्रत्येकाने आपली भर घालायची. एका मुलाने कुरकुर केली होती की पुस्तकात नाही ते आपण कसे लिहायचे? बाईंनी त्याला विचारले, "गावच्या जत्रेत दशावतार बघितलास? राजा दरबारात येऊन तासभर बोलतो, ते पुराणात लिहिलेले असते का?" तो म्हणाला, नाही, नट आपल्या मनाने बोलतो. "मनाने बोलतो, पण वाट्टेल ते बोलतो का? राजा कोण, कुठून आला, पुढे त्याचे काय होणार, हे सोडून बोलला तर लोक उठून जातील. आपल्यालाही तसेच बोलायचे आहे."

त्या अनाम बाईला नाव दिले ते मैमूनाबाईंनीच : वेळेरी. आज परदेशातले वाचकही हे नाव वापरतात आणि काहींनी एल्फांच्या भाषेत त्याची व्युत्पत्तीही लावली आहे. खरे तर ते आपल्या 'वेळेर' या शब्दावरून आले आहे. वेळेर, म्हणजे समुद्राच्या किनाऱ्यावर. बाईंच्या वाचनातली वेळेरी दुर्ग सांभाळते, मुलांना वाढवते, नातवांना आजोबांची ओळख सांगते आणि वाट पाहते. ज्याला म्हातारपण नाही त्याची वाट पाहणे संपत नाही, असे बाई म्हणत. बाईंच्या या कथांचा आणि आमच्या कथा-चित्रांचा अंक दर वर्षी झेरॉक्स काढून निघे. या अंकांनी माझ्यासारख्या कितीतरी जणांना हातात पेन्सिल दिली. मी चित्रकार झाले, त्याचे मूळ तिथे आहे.

आता मी जो प्रसंग सांगणार आहे, तो बाईंच्या संमतीने सांगते आहे. "लिव," त्या म्हणाल्या, "पण माका देवी करू नको."

शिक्षण संपवून मी कुडाळला नोकरीला लागले होते. त्या सुमारास माझी थोरली बहीण कुंदाताई हिचे दुसरे लग्न झाले. तिचा पहिला नवरा आखातात कामाला गेला आणि काही काळाने त्याचे पैसे, पत्र, फोन सगळेच थांबले. त्याच्या सोबत्यांनाही त्याचा ठावठिकाणा माहीत नव्हता. ताईने वर्षे काढली. मग रीतसर मोकळी होऊन तिने गावातल्याच वासुदेवशी लग्न केले. वासुदेव साधा, स्वतःची होडी असलेला माणूस. गावात कुणी उघड काही म्हणाले नाही, पण आमच्या नात्यातली माणसे तिच्या घरी पाणी प्यायला थांबेनाशी झाली. "तो उद्या परत इलो तर?" एवढे एकच वाक्य तिला सगळीकडे ऐकू येई.

मला याचा राग आला होता. ताईची हकिगत मी बाईंना सांगितली होती, राग मात्र कथेत लिहिला. माझ्या कथेतली वेळेरी एके दिवशी मनोऱ्यावरून खाली उतरते आणि दुर्गाखाली नावा बांधणाऱ्या एका साध्या एल्फाशी लग्न करते.

शनिवारी दुपारी मी ती कथा पडवीत वाचली. वाचून होताच वालावलचे दत्ताराम परब उभे राहिले. परबकाका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आमच्यातले वयाने सर्वांत मोठे. पोथीचा कोणताही दाखला तोंडपाठ आणि आधाराशिवाय शब्द चालू न देणारे.

"ह्यां चलाचां नाय," ते म्हणाले. "घोव मेल्याचां पोथयेत खंय आसा? एल्फाक म्हातारपण नाय. तो येवचो आसा असांच धरूक होया. मगे हिचां लगीन कसां?"

"किती काळ थांबायचां तिणां?" मी विचारले.

"ता पोथी सांगणा नाय. म्हणान तर थांबाचां."

इतरांनीही त्यांचीच बाजू घेतली. मी बाईंकडे पाहिले. त्या पडवीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या, चेहरा अगदी स्थिर. "कथा माझ्याकडे ठेवून जा," एवढेच त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

एसटीच्या थांब्यावर परबकाकांनी मला गाठले. त्यांचा आवाज उतरला होता. "तुका म्हायत नाय काय गो, बाईंच्या घोवाचां?" बाईंचे यजमान नाहीत, एवढेच मला माहीत होते. वारले असतील, असे मी धरून चालले होते. काकांनी सांगितले, इस्माईलभाई मालवाहू जहाजावर खलाशी होते. पोथीही त्यांनीच, बायको इंग्रजी शिकवते म्हणून, कुठल्याशा बंदरात जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणली होती. त्याच्या पुढच्याच फेरीत त्यांचे जहाज एका बंदरातून निघाले ते दुसऱ्या बंदराला लागलेच नाही. जहाज मिळाले नाही, माणसे मिळाली नाहीत. इस्माईलभाई आहेत की नाहीत, हे बाईंना कुणी आजवर सांगू शकले नव्हते.

मला बसमध्ये बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंच्या दारात उभी राहिले. त्या मागच्या अंगणात मासे साफ करत होत्या.

"बाई, कथा परत द्या. ती अंकात नको."

"कित्याक? खोटां लिवलंस?"

"नाय. पण माका म्हायत नव्हतां..."

"माझां काय ता बाजूक ठेव," बाई म्हणाल्या. हात धुऊन त्या माझ्यासमोर येऊन बसल्या आणि वर्गात बोलत तशा प्रमाण मराठीत बोलू लागल्या. जड बोलायचे असले की त्यांची भाषा बदलते. "तुझ्या कथेत एक गोष्ट खोटी आहे. लग्नाच्या दिवशी तुझ्या वेळेरीला पहिला नवरा आठवतच नाही. असे होत नाही. तुला गावावर राग आहे, म्हणून तू तिला आठवू दिले नाहीस. तो तिला आठवू दे, आणि तरी तिला लग्न करू दे. जमेल?"

मी मान डोलावली. मला रडू येत होते.

"तुझ्या भयणीक आठावता काय तो?" त्यांनी हळू आवाजात विचारले.

"आठावता," मी म्हटले. "रडता कधी कधी. वासुदेव गप बसान ऱ्हवता तिच्या बाजूक."

"मगे ह्यांच लिव."

मी तेच लिहिले. अंकात बाईंनी ती कथा सर्वांत आधी घेतली आणि वर आपली टीप जोडली : वेळेरी वाट पाहत राहिली असे माझे वाचन आहे आणि ते बदललेले नाही. पण ती मनोऱ्यावर उभी होती एवढेच पोथी सांगते, ती कुठे पाहत होती, किती काळ थांबली ते सांगत नाही. म्हणून ही कथा पोथीत बसते. साऱ्या टिपेचा मजकूर एवढाच. परबकाकांनी अंक हातात घेतला, टीप वाचली, घरी जाऊन पोथीतले ते वाक्य पुन्हा काढले आणि पुढच्या शनिवारी सर्वांसमोर म्हणाले, "आधार आसा. माझां चुकलां." त्यांचा तो मोठेपणाही मी विसरू शकत नाही.

पुढच्याच महिन्यात बाई एसटीने मिठबावला आल्या. कुणाला कळवले नव्हते. बसमधून उतरून त्यांनी रस्त्यातल्या घरांना मोठ्याने विचारले, "कुंदाचां घर खंयचां?" ज्यांनी तिच्याकडे जाणे सोडले होते, त्यांनाच वाट दाखवावी लागली. बाई तिच्याकडे जेवल्या. वासुदेवने सकाळी आणलेल्या बांगड्यांची आमटी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. उन्हे उतरल्यावर ताईबरोबर वेळेर फिरून आल्या. दोघी काय बोलल्या ते ताईने मला सांगितले नाही, मी विचारलेही नाही. मात्र बाईंना बसपर्यंत पोचवायला आमची थोरली काकी आली होती, आणि परतताना ती ताईच्या ओट्यावर टेकली. पाणी मागितले. ताईने तांब्या आणून दिला. त्या घरात माझ्याखेरीज नात्यातल्या माणसाने पाणी प्यायल्याची ती पहिली वेळ.

त्यानंतरच्या रमजानमध्ये बाईंनी घरच्या माणसांना बोलावले. तोवर त्यांच्या घरी इस्माईलभाई परत यावेत म्हणून दुआ मागितली जात असे. त्या दिवशी पहिल्यांदा मृतांसाठी मागतात ती दुआ मागितली गेली. मंडळातल्या आम्हा सर्वांना निरोप होता. परबकाका टोपी घालून दाराजवळ बसले होते. फातेहा झाल्यावर बाई माझ्याजवळ आल्या.

"तुझ्या कथेमुळां नाय हां," त्या म्हणाल्या. थोडे थांबून पुढे म्हणाल्या, "पण ती वाचलंय नसतंय तर आणखी वर्सां गेली असती."

मी त्यांचा हात धरून उभी राहिले. आश्चर्याची गोष्ट अशी की बाईंनी नंतरही वेळेरीबद्दलचे आपले मत सोडले नाही. "मी मनोऱ्यावरसून उतारलंय," त्या म्हणत, "पण ती उतारली नाय. ती वेगळी, मी वेगळी." पोथी वाचताना आपले दुःख त्यांनी पोथीत शोधले असेल, पण पोथीला आपल्या दुःखाप्रमाणे वाकवले नाही.

आता मंडळ इंटरनेटवरही आहे. पुण्यापासून परदेशापर्यंत सभासद आहेत आणि बाईंचे इंग्रजी लेख दूरदूरचे लोक वाचतात. मागे मी वेळेरीचे एक चित्र काढून तिथे ठेवले. सावळी, कपाळावर वाऱ्याने उडणारे केस, डोक्यावर मालवणच्या मोहल्ल्यातल्या बायका घेतात तशी ओढणी. कुणा वाचकाने तिरकसपणे लिहिले की एल्फ अशा दिसत नाहीत. उत्तर लिहिताना मी फार चिडले होते. बाईंनी माझा मजकूर पुसायला लावला आणि स्वतः एकच ओळ लिहिली : तिचा चेहरा पोथीत कोणत्या पानावर वर्णिला आहे तेवढे कृपया कळवावे. त्या वाचकाने पोथी पुन्हा चाळली असावी, कारण काही आठवड्यांनी त्यानेच वेळेरीचे आपले चित्र पाठवले. ती गोरी होती. बाईंनी ते अंकात माझ्या चित्राशेजारी छापले.

बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांची दृष्टी मंदावली आहे. बारीक अक्षर आता वाचता येत नाही, म्हणून शनिवारी आम्ही आळीपाळीने वाचतो आणि त्या ऐकतात. चुकीचा उच्चार झाला की अजूनही बोट वर होते. गेल्या शनिवारी त्यांनी जाहीर केले की वेळेरीच्या धाकट्या मुलाला आपण सगळ्यांनी आजवर अन्यायाने वाचले आहे, तो भित्रा नव्हताच. परबकाका ताबडतोब म्हणाले, "आधार खंय आसा?" आणि पडवीत जो वाद सुरू झाला तो दिवेलागणीपर्यंत मिटला नाही.

बाई, या प्रकरणी मी परबकाकांच्या बाजूची आहे. धाकटा भित्राच होता, असे माझे ठाम मत आहे आणि ते तुम्ही बदलू शकाल असे मला वाटत नाही. प्रयत्न करायला तुम्हाला पुष्कळ वर्षे लागतील. ती सगळी वर्षे तुम्हाला उत्तम प्रकृतीसह लाभोत. दर शनिवारी आम्ही येऊ, तुम्ही आम्हाला खोडून काढा.