चार नावांचा कागद

लग्नानंतर अडीच वर्षांनी मी नवऱ्याकडे स्पेनला गेले. तो आधी पेडण्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर एका शॅकमध्ये, म्हणजे वाळूवरच्या झापाच्या हॉटेलात, आचारी होता. तिथे दर हिवाळ्यात येणाऱ्या एका स्पॅनिश जोडप्याने आपल्या व्हॅलेन्सिया शहरात हॉटेल काढलं आणि त्याला कामाला बोलावलं. तो गेला तेव्हा आमच्या लग्नाला चार महिने झाले होते. माझे कागद होईपर्यंत मी केरीला सासरी राहिले.

नवरा परदेशी गेलेल्या बाईला आमच्याकडे कोणी वाईट बोलत नाही. नुसतं विचारतात. सकाळी पदेराकडून पाव घ्यायला बाहेर आलं की शेजारीण हटकून विचारायची, "फोन येता मगे?"

"येता."

"रोज?"

"रोज येता."

"व्हिडिओवर येता काय नुसतो आवाज?"

मी "व्हिडिओवर" म्हटलं की ती मान हलवायची, पण तिचा चेहरा काही निवळायचा नाही. सासू तेवढी काही विचारत नव्हती. "कागद झालो की जा गो. माझी काळजी करू नको," एवढंच म्हणायची.

मला त्या शेजारणीचा राग येई, पण खरं तर तसले प्रश्न मीही पुष्कळ विचारले होते. माझं माहेर मुळगावचं. लग्नाआधी सहा वर्षं मी डिचोली तालुक्यातल्या एका पंचायतीत कारकून होते आणि रहिवासी दाखले माझ्या टेबलावरून जात. खाणींवर आणि ट्रकांवर कामाला आलेली, भाड्याच्या खोल्यांत राहणारी माणसं दाखला मागायला येत. मी विचारायची, विजेचं बिल कुठे आहे? घरमालकाची सही कुठे आहे? नसेल तर परत पाठवायची. माणूस खरं बोलत असेल तर त्याच्याकडे कागद असतोच, असं मला तेव्हा वाटायचं.

व्हिसासाठी मुंबईला जावं लागलं. तिथे काचेपलीकडे बसलेल्या बाईला आमचं लग्न खरं आहे की कागदापुरतं, हे ठरवायचं होतं.

"तुमचा नवरा घरी काय बनवतो?" तिने विचारलं.

"काही नाही."

"तो कुक आहे ना?"

"म्हणूनच."

तिने बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग लग्नाचा अल्बम उलटला. "सगळ्या फोटोंत तुमची मान खाली आहे. चेहरा दिसत नाही."

"आमच्यात नवरी मान खालीच घालते," मी म्हटलं. तिने तेही लिहून घेतलं. परतीच्या बसमध्ये कणकवली येईपर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. व्हिसा मात्र आला.

व्हॅलेन्सियात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. एक बरीशी खोली, स्वयंपाकघर, आणि जिची खिडकी इमारतीच्या आतल्या हवेच्या चौकात उघडते अशी एक चिंचोळी खोली. दुपारी दुकानं बंद होत, त्याचं मला काही वाटलं नाही, डिचोलीच्या बाजारातही तेच. काही शब्दही ओळखीचे निघाले. मेजाला मेसा, तुवाल्याला तोआया. पण बाकी कशावरच माझा भरवसा बसत नव्हता. रस्त्याच्या कडेला ओळीने संत्र्यांची झाडं होती, लगडलेली, आणि एकही माणूस फळाला हात लावत नव्हता. नवरा म्हणाला, कडू असतात. मी एक तोडून घरी आणलं आणि चाखलं. कडूच होतं. समोरच्या दारातली म्हातारी मी जिन्यात दिसले की दार बोटभर उघडून बघायची. मी वळून बघितलं की मिटायची.

तिथे गेल्यावर पहिलं काम म्हणजे नगरपालिकेत आपलं नाव आणि पत्ता नोंदवणं. त्या नोंदीशिवाय राहायचं कार्ड मिळत नाही, डॉक्टर मिळत नाही, मुलाला शाळा मिळत नाही. म्हणजे माझ्याच जुन्या कामासारखं काम, फक्त मी टेबलाच्या या बाजूला. नवऱ्याची दुपारची पाळी होती, म्हणून त्याची सही आणि भाडेकराराची प्रत घेऊन मी एकटी गेले. खिडकीतल्या माणसाने नोंद केली आणि काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. मी "सी" म्हटलं, म्हणजे हो. त्याने एक कागद छापून दिला. माझ्या एकटीच्या नावाचा दाखला हवा की घरातल्या सगळ्यांचा, असं त्याने विचारलं होतं, हे मला पुढे कळलं.

कागदावर चार नावं होती. पहिलं नवऱ्याचं, शेवटचं माझं. मधली दोन माझ्या ओळखीची नव्हती. एक बाईचं. दुसरं तिचंच आडनाव लावणाऱ्या मुलीचं, जन्मवर्षावरून आठ वर्षांची. मजला तोच, दार तेच.

दाखला वाचायची मला सवय होती. मी सगळ्यात आधी त्या दोन नावांच्या नोंदीची तारीख बघितली. सात महिन्यांपूर्वीची. तेव्हा मी व्हिसाचे कागद गोळा करत पेडणे आणि पणजीच्या खेपा घालत होते.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. कागद घडी करून बॅगेच्या अस्तरात ठेवला. तो कामावर गेला की मी घर तपासायची. कपाटाच्या मागे, गादीखाली, न्हाणीघरातल्या जाळीत. केसांची पिन नाही, लहान मुलीची चप्पल नाही, काही नाही. काही सापडत नाही, याचाही मला संशय आला. एकटा पुरुष घर इतकं स्वच्छ कशाला ठेवील?

रोज संध्याकाळी सासूचा फोन यायचा. "बरा मगे सगळा?" ती विचारायची. मी बरं आहे म्हणायची आणि फोन त्याच्या हातात द्यायची.

चौथ्या दिवशी, सोमवारी, त्याला सुट्टी होती. जेवण झाल्यावर मी विचारलं. मुंबईच्या त्या बाईसारखंच, आधी आडून.

"माझ्या आदी हयसर कोण रवत होता?"

"कोण नाय. मी एकटोच."

"कोण येऊन जाऊन?"

"कोण येतला हयसर?"

मी उठले, कागद आणला आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवला. तो बघत राहिला. मग ताट बाजूला सारून म्हणाला, "ती आमच्या हॉटेलात भांडी घासता. होंडुरासची. ज्या खोलयेत रवता थंयचो मालक पत्त्याचो कागद देना नाय. कागद नाय तर चेडवाक शाळा नाय. माका तिना विचारल्यान. मी एक सही केलंय."

"हयसर रवली कधी?"

"एक दिवस नाय. पायरी चढूक नाय."

"मगे माका कित्याक सांगूक नाय?"

"तू पंचायतीतली. तू काय म्हणतलंस ता माका ठावक होता. आणि व्हिसाच्या वेळार तुका कोणी विचारल्यानी असता, तर तू खोटा बोलूचं नाय."

हे ऐकून मला राग आला. रागाचं कारण असं की तो म्हणाला त्यात एक शब्दही चुकीचा नव्हता. पण म्हणून माझा विश्वास बसला असं नाही. बरोबर पटेल असं उत्तर देणारी माणसं मी सहा वर्षं बघितली होती.

"तिका हयसर बोलावतंय, तूच विचार," तो म्हणाला. मी नको म्हटलं. बोलावलेली बाई तयार होऊन येते.

दोन दिवसांनी त्याला न सांगता मी त्यांच्या हॉटेलाच्या मागच्या गल्लीत जाऊन उभी राहिले. दुपारी चारच्या सुमाराला मागचं दार उघडून एक बाई बाहेर आली. बुटकी, चाळिशी उलटलेली, केस जाळीत बांधलेले. मी तिचं नाव उच्चारलं आणि कागद पुढे धरला.

तिने कागद बघितला, मग मला बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. ती भरभर बोलायला लागली. मला त्यातलं फक्त "पोर फावोर" कळलं, कृपा करा. आणि मुलीचं नाव, ते दोनदा. मी तिचं नाव काढून टाकायला आले आहे असं तिला वाटलं होतं. तिने माझं मनगट धरलं. पाण्यात राहून तिची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती.

मला एकदम पंचायतीत येणारी सावंतवाडीकडची एक बाई आठवली. तिचा नवरा ट्रकवर होता. मालकाची सही नाही म्हणून मी तिला तीनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्या वेळी तिने अशाच घाईने मला काहीतरी समजावलं होतं, आणि मी पुढच्या माणसाला हाक मारली होती.

माझं मन लगेच विरघळलं असं मात्र सांगता येणार नाही. इतकी घाबरते म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी असणार, हेही त्याच क्षणी मनात आलं. मी हात सोडवून घेतला, कागद घडी केला आणि निघून आले.

घरी नवऱ्याला म्हटलं, "नाव काढूचा."

"शाळेचा वरस संपू दी," तो म्हणाला. मी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. पुढचे दिवस आम्ही कामापुरतं बोलत होतो. तो आला की मी त्याच्या शर्टाचा वास घ्यायची. लसूण आणि तेल, दुसरं काही नाही.

साधारण तीन आठवड्यांनी एका सकाळी अकराच्या सुमाराला घंटा वाजली. दारात नगरपालिकेचा पोलीस होता, हातात यादी. नोंदवलेली माणसं खरोखर त्या पत्त्यावर राहतात का, हे ते अधूनमधून घरोघर जाऊन बघतात. त्याच्या मागे म्हातारीचं दार बोटभर उघडं होतं.

त्याने नवऱ्याचं नाव वाचलं. मी म्हटलं, "त्राबाहो." कामावर. त्याने माझं नाव वाचलं, मी छातीला हात लावला. मग त्याने त्या बाईचं नाव वाचलं आणि मान वर केली.

'नो' हा शब्द मला येत होता. तो म्हटला असता तर माझं काम तिथेच झालं असतं. पण खोटी सही केली म्हणून नवरा अडकला असता. माझं कार्ड व्हायचं होतं, तेही अडकलं असतं. आणि ती मुलगी होती, जिचं तोंडसुद्धा मी बघितलं नव्हतं. यातलं कुठलं कारण आधी मनात आलं ते मी आज सांगू शकत नाही. मी म्हटलं, "त्राबाहो."

त्याने मुलीचं नाव वाचलं. शाळेला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते मी शिकले होते, पण त्या क्षणी शब्द गेला. तोंडातून निघालं, "इस्कोल." आमच्याकडचे म्हातारे लोक शाळेला म्हणतात ते.

"एस्कुएला," तो म्हणाला.

"सी."

त्याने माझ्या खांद्यावरून आत बघितलं. चिंचोळ्या खोलीचं दार उघडं होतं. आत एक अरुंद पलंग आणि वाळत घातलेले कपडे, सगळे आमचे दोघांचे. त्याने ते बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. तसं बघणं मला नीट ओळखता आलं, कारण मी स्वतः सहा वर्षं तसंच बघत आले होते. त्याला पटलं नव्हतं. तरी त्याने यादीवर काहीतरी लिहिलं आणि जिना उतरला. म्हातारीने दार लावून घेतलं. मी आत येऊन जमिनीवरच बसले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

"माका खोटा बोलूक लावलात," मी म्हटलं.

"होय," तो म्हणाला. सबबी सांगितल्या नाहीत, हे बरं केलं.

जूनमध्ये शाळा संपली. त्या बाईला शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली मिळाली, सही देणारी मालकीण मिळाली. नवऱ्याने मला सांगितलं की नावं निघाली. तरी मी स्वतः नगरपालिकेत जाऊन, या वेळी प्रश्न नीट समजून, घरातल्या सगळ्यांचा कागद मागितला. दोन नावं होती.

त्यानंतरच्या एका रविवारी ती आमच्याकडे आली, मुलीला घेऊन आणि घरी केलेला केक घेऊन. आपण या घरी पहिल्यांदाच येत आहोत असं ती दारातच म्हणाली. ते मला ऐकवण्यासाठी होतं की काय, असं वाटून गेलं. मी आत पाणी आणायला गेले तरी कान बाहेर होते, नजरही. ती न्हाणीघर विचारते की नेमकी तिकडे जाते, हे मी बघत होते. तिने विचारलं.

मुलगी वेण्या घातलेली, गंभीर. तिने आईकडून सगळं ऐकलं असावं, कारण ती सरळ मला म्हणाली, "माझी खोली कुठली होती?"

मी तिला चिंचोळी खोली दाखवली. ती उंबऱ्यातून बघत राहिली, आत गेली नाही. "लहान आहे," म्हणाली.

तेवढ्यात नवरा बाजारातून पिशव्या घेऊन आला आणि स्वयंपाकघराकडे वळला. मुलगी मागे सरून आईला चिकटली आणि तिने हळूच विचारलं, "हा माणूस कोण?"

तोपर्यंत माझं स्पॅनिश एवढं ऐकण्यापुरतं झालं होतं. मी स्वयंपाकघरात गेले, त्याच्या हातातली एक पिशवी घेतली आणि चहाचं आधण ठेवलं, चौघांचं.